ज्यानं लावली त्यानंच काढायची

खट्.

लाकडाची छोटी पाटी भिंतीवर आपटल्याचा आवाज. सकाळचे सात वाजलेले, शिलाईमशीन अजून झाकलेलंच, नळ बंद, आणि मुंगी बाबाला टाटा करायला दाराशी पळालेली. घर इतकं गप्प होतं की तो एवढासा आवाज मला आतल्या खोलीत नीट ऐकू आला. मग दार लागलं. जिन्यावरून बुटांचा आवाज खाली खाली गेला. मी सुईत दोरा ओवायला घेतला.

आणि पुन्हा, खट्.

दोरा सुईपाशीच राहिला. नवरा तर गेला होता. मग पाटी कुणी हलवली?

"मुंगे, काय पडलं गं?"

"काऽही नाही! मी बूट शोधतेय!"

गुरुवार होता. सोमवार संध्याकाळपासून हे चाललं होतं. सकाळी एक खट्, मग दार, मग दुसरं खट्. संध्याकाळी तो घरी आला की पुन्हा तसंच, दोनदा. मंगळवारी मी त्याला विचारलंही होतं, "तू पाटी दोनदा लावतोस का रे?" त्यानं चमकून माझ्याकडे बघितलं. "दोनदा? नाही. एकदाच." आणि घाईघाईनं विषय बदलला. दूध संपत आलंय म्हणाला. दूध संपत आलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक खट् मोजत होते.

या पाट्यांचं आधी सांगायला हवं. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्यांच्या कामात एक नियम आहे. लिफ्टच्या टपावर चढण्याआधी माणूस मेन स्विच बंद करतो, त्याला कुलूप घालतो आणि आपली पाटी अडकवतो : माणूस आत आहे, चालू करू नये. ती पाटी ज्यानं लावली त्यानंच काढायची. साहेब आला तरी, इमारतीचा मालक येऊन डोक्यावर बसला तरी, दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. आत माणूस आहे की नाही हे बाहेरून दिसत नसतं. ते फक्त पाटी सांगते.

गेल्या वर्षी मी इस्पितळातून घरी आले, तेव्हा त्यानं प्लायवूडच्या तुकड्यांच्या नऊ पाट्या कापल्या. तिघांच्या तीन-तीन. दाराशेजारी तीन हुक ठोकले. हिरवी पुढे असेल तर बरं चाललंय. पिवळी म्हणजे दमलोय, जरा वेळ द्या. लाल म्हणजे आत काहीतरी चाललंय, पण तुमच्यामुळे नाही. अंदाज बांधत बसू नका, येऊन विचारा. घरातून निघताना आणि घरात शिरताना आपापली पाटी पुढे करायची. आणि दुसऱ्याच्या पाटीला हात लावायचा नाही.

"आमच्या खात्यातला नियम," तो म्हणाला होता. "मोडला तर माणूस मरतो."

"घरात कोण मरतंय?" मी म्हटलं होतं.

"आपण दोघं मरता मरता वाचलोय," तो म्हणाला, आणि हुक ठोकत राहिला.

माझ्या आजाराला डॉक्टरबाई बायपोलर म्हणतात. नवरा म्हणतो, "तुझी लिफ्ट मजल्यावर थांबतच नाही, एकतर गच्चीत नाहीतर खड्ड्यात." यावर आम्ही हसतो. ज्यावर हसता येत नाही ते वेगळंच आहे. वर असले की मला समोरच्याच्या मनातलं सगळं कळतं. कळतं असं वाटत नाही, कळतंच. उघड्या पुस्तकासारखे असतात सगळे. खाली असले की प्रत्येक चेहऱ्यावर मला माझ्याबद्दलची चीड दिसते, दूध देणाऱ्या माणसाच्यासुद्धा. आणि मधल्या मजल्यावर असताना जे दिसतं त्यातलं खरं किती, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

मी मास्तरांच्या दुकानात कपडे बेतून, आखूड करून, सैल करून देते. गेल्या वर्षी तिथं एक आजोबा आले. हातात त्यांच्या बायकोचा लोकरीचा कोट. बायको जाऊन चार महिने झाले होते. लेकीला घालायचाय, बाह्या दोन बोटं आखूड करून द्या, म्हणाले. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि मला लख्ख कळलं, यांना हा कोट कुणाच्याच अंगावर बघवणार नाही. यांना तो कुशीत घ्यायचाय. बोलायची लाज वाटतेय, एवढंच. मी कात्री घेतली. संध्याकाळपर्यंत कोटाच्या दोन सुंदर उशा झाल्या होत्या, बटणंसुद्धा जागच्या जागी. आजोबा आले, उशी मांडीवर घेऊन बाकावर बसले आणि रडायला लागले. मी मास्तरांना कोपर मारलं. "बघा! म्हटलं नव्हतं?"

मास्तरांनी आपलं तोंड हातानं झाकून घेतलं होतं.

"पोरी," ते म्हणाले, "अगं, त्यांनी फक्त बाह्या म्हटल्या होत्या."

ते रडणं आनंदाचं नव्हतं हे मला कळायला पुढे तीन आठवडे आणि इस्पितळातली एक खाट लागली. मास्तरांनी मला काढलं नाही. आता कापायचं काम येतं तेव्हा एक नियम तिथंही आहे : गिऱ्हाइकानं जे तोंडानं सांगितलं ते चिठ्ठीवर लिहायचं, आणि चिठ्ठीवर असेल तेवढंच कापायचं.

म्हणजे मी चिठ्ठ्यांवर आणि पाट्यांवर जगते. चेहऱ्यांवर नाही.

म्हणून तर या आठवड्यात माझा जीव असा टांगणीला लागला. नवऱ्याची पाटी सोमवारपासून हिरवी होती. सकाळी हिरवी, संध्याकाळी हिरवी. आणि त्याचा चेहरा? चहा अर्धा टाकून उठायचा. जबडा असा आवळलेला, जणू दातात खिळा धरलाय. फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचा. बुधवारी मुंगीनं गुडघ्यावर उडी मारली तर तो इतका दचकला की तीच घाबरली. मला दिसत होतं, याच्या आत काहीतरी भयंकर चाललंय. दिसत होतं म्हणजे, अगदी लख्ख.

आणि लख्ख दिसायला लागलं की मी स्वतःलाच तपासायला लागते.

डॉक्टरबाईंनी आणि मी मिळून खुणांची एक यादी केली आहे. झोप कमी होणं. बोलणं पळायला लागणं. नसलेले आवाज येणं. लोकांची मनं वाचता येणं. यातल्या दोन खुणा दिसल्या की मी स्वतः फोन करायचा, आधी डॉक्टरबाईंना, मग ताईंना. ताई म्हणजे माझी नणंद, मुंगीची आत्या. मुंगीनं काही दिवस त्यांच्याकडे जायचं. ही अट मीच घातली होती. लेकीला माझ्या हातून कुणी ओढून नेण्यापेक्षा मी माझ्या हातानं पाठवीन. तीन महिन्यांपूर्वी मी खड्ड्यात गेले तेव्हा ती सहा आठवडे तिकडे होती. परत आली तेव्हा तिचा पुढचा दात पडला होता आणि तो पडताना मी नव्हते. परत येऊन तिला जेमतेम चार आठवडे झाले होते.

आता पाटी हिरवी आणि मला चेहरा लाल दिसतोय. ही एक खूण. एकदा वाजलेलं मला दोनदा ऐकू येतंय. ही दुसरी.

मी उठून दाराशी गेले. मुंगी जमिनीवर बसून उजवा बूट डाव्या पायात घालत होती. शेजारी स्टूल. हुकांवर तिन्ही पाट्या हिरव्या. तिची, त्याची, माझी. हुकांखालच्या फळीवर माझ्या गोळ्यांचा डबा असतो. सकाळी एक गोळी, घोटभर पाणी, आणि माझी हिरवी पुढे. दात घासल्यासारखी सवय.

"आई, तू अशी का बघतेस?"

"कशी?"

"डोळे मोठ्ठे करून."

"तुझे बूट उलटे आहेत म्हणून."

तिला शाळेत सोडलं. रस्ता ओलांडताना तिचा हात जरा जास्तच घट्ट धरला असेन, ती "आऊ" म्हणाली. दुकानात गेले. एका बाईंची पँट कमरेत सैल करायची होती, चिठ्ठीवर लिहिलेलं, तरी मी त्यांना तीनदा विचारलं. मास्तर चष्म्यावरून बघत होते. त्यांच्या बघण्याचा अर्थ काय हे ठरवायचं नाही म्हणून मी टाचण्या मोजल्या. बाहेर गाड्यांचे हॉर्न, आत इस्त्रीची वाफ, पायाखाली चिंध्या, कुठंच बूड टेकेना. दहा वाजता दुकानाच्या मागच्या दारात उभी राहून मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या शांतपणे ऐकत राहिल्या.

"झोप?"

"नीट आहे."

"बोलणं?"

"तुम्हीच सांगा."

"मला तर नेहमीसारखंच वाटतंय. उद्या सकाळी या. गोळ्या आहेत तशाच. आणि एक करा, नवऱ्याला सरळ विचारा."

"त्याची पाटी हिरवी आहे. हिरवी असली की खोदून विचारायचं नाही असं ठरलंय."

"तुमचं घर," त्या म्हणाल्या, "माझ्या दवाखान्यापेक्षा शिस्तीचं आहे."

मग मी ताईंना फोन केला.

ताई दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करतात. पाच वाजता आल्या त्या तशाच, कामाचे पांढरे बूट घालून. मी मुंगीची पिशवी भरून ठेवली होती. चार फ्रॉक, दात घासायचा ब्रश, कान तुटलेला ससा. ताईंनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"रागावलात?" मी विचारलं. विचारायचं असतं. अंदाज बांधायचा नसतो.

"रागावले नाही, भूक लागलीये," ताई म्हणाल्या. "काय झालंय ते नीट सांग. दिवसभर मी लोकांना 'तोंड उघडा, तोंड उघडा' म्हणते आणि या घरात आलं की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. तुझ्याही आणि माझ्या भावाच्याही. तो काय म्हणतोय?"

"त्याला सांगितलं नाही अजून."

"वा! पोरगी निघाली आणि बापाला पत्ता नाही."

मुंगी चित्र काढत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण खडू थांबला होता.

मी ताईंना आतल्या खोलीत नेलं. तिथं माझं मशीन आहे, आणि गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला मास्तरांनी दिलेला जुना उंच आरसा. सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. मुंगी दाराकडे धावली. दार उघडलं. "आली का माझी मुंगी," तो म्हणाला, पण आवाज कुठून तरी खोलातून आल्यासारखा.

खट्.

मग त्याला खुर्चीवरची पिशवी दिसली असणार. पावलं थबकली. तो काहीच बोलला नाही. मोरीत गेला, नळ सुरू झाला.

खट्.

मी ताईंचं मनगट धरलं. "ताई. तुम्हाला ऐकू आलं?"

"काय?"

"आत्ता. खट् असं."

"आलं की. बहिरी आहे का मी? दोनदा आलं. आधी एक, आणि आत्ता एक."

दोनदा. ताईंनाही दोनदा! मी वळले आणि आरशात बघितलं. आरसा तिरका होता, त्यात बाहेरचं दार दिसत होतं. दाराशी स्टूल. स्टुलावर माझी पाच वर्षांची लेक, टाचा उचलून, जीभ दातांत धरून, बाबाच्या हुकावरच्या पाट्या सारख्या करत होती. हिरवी पुढे. लाल मागे. मग हळूच खाली उतरली, स्टूल बुटांपाशी सरकवलं आणि खडू घेऊन चित्रापाशी जाऊन बसली. इतक्या सफाईनं की मला कळलं, हे हात सरावलेले आहेत.

"अगं बाई," ताई हळूच म्हणाल्या. त्यांनीही आरशात बघितलं होतं.

नवरा टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आला. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुझी पाटी कुठली आहे?"

त्यानं हुकाकडे बघितलं. आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वाचलं नाही, त्यानं ते बोलून दाखवलं. "परत हिरवी केलीस ना? मी रोज लाल लावतो आणि तू रोज हिरवी करतेस. कळलं मला. तुला ऐकायचं नाहीये. मीही मग गप्प बसलो. आणि आता पिशवीसुद्धा भरलीस."

"मी नाही केली."

"मग कोण? भुतानं?"

मुंगी खडू हातात धरून उभी होती. तिचा खालचा ओठ बाहेर आला होता.

त्याला कळायला एक क्षण लागला. मग तो ओरडला. मी त्याला इतक्या मोठ्यानं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "दुसऱ्याच्या पाटीला हात लावायचा नाही! किती वेळा सांगितलंय? माणूस मरतो! कळतं का, माणूस मरतो!"

"अरे, पोरीवर काय ओरडतोस," ताई मध्ये पडल्या, "ही काय तुझी लिफ्ट आहे?"

आणि तो एकदम खाली बसला, जमिनीवरच, भिंतीला टेकून. टॉवेल तोंडावर धरून. मग आठवलं, लाल असली की विचारायचं.

"काय झालं?"

त्यानं सांगितलं. सोमवारी एका इमारतीत लिफ्टचं काम होतं. जोडीदार, नऊ वर्षं बरोबर काम करणारा, टपावर चढला. यानं खाली स्विच बंद केला आणि पाटी लावली. कुलूप गाडीत राहिलं होतं. पाच मिनिटांचं तर काम, म्हणून आणायला गेला नाही, वरच्या मजल्यावर दारं बघायला गेला. इमारतीतल्या कुणाला तरी घाई होती. त्यानं पाटी काढली आणि स्विच चालू केला. लिफ्ट एक मजला वर गेली. जोडीदार बाजूला झाला म्हणून वाचला, पण पाय तीन ठिकाणी मोडला. चौकशी चालू आहे. जिन्यातले फोन त्याचेच.

"तुला सांगणार होतो. लाल लावली. आत येऊन बसलो, तू विचारशील म्हणून. तू विचारलंस दूध किती आणू."

"कारण हिरवी होती."

"सकाळी बघितलं तर हिरवी. म्हटलं, हिला झेपणार नाहीये. तीच सांगतेय मला."

चार दिवस. तो मला वाचत होता, चुकीचं. मी त्याला वाचत होते, बरोबर. आणि बरोबर वाचतेय म्हणूनच स्वतःला वेडी ठरवून लेकीची पिशवी भरत होते. यावर हसावं की रडावं कळेना. चेहरा खरंच लाल होता. मला दिसलं होतं. पण पुढच्या वेळी दिसेल तेव्हा ते खरं असेल, याची हमी मला कोण देणार?

ताईंनी मुंगीला जवळ ओढलं. "मुंगीबाई, हा उद्योग का केलात?"

मुंगीनं पिशवीतून ससा काढला. मग सशाचा तुटका कान ओढत म्हणाली, "लाल लागली की मी तुझ्याकडे जाते."

"कुठं?"

"तुझ्या घरी. मागच्या वेळी बाबाची लाल होती. आईनं बघितली. मग आई झोपली, झोपलीच. मग मला तुझ्याकडे पाठवलं." तिनं माझ्याकडे चोरून बघितलं. "म्हणून मी आईला दिसायच्या आत हिरवी करते."

नवऱ्यानं हात पुढे केला, ती त्याच्या मांडीत जाऊन बसली. मी तिच्यासमोर बसले आणि तिचे पाय हातात घेतले. गार होते.

"मुंगे, ऐक. बाबाच्या लालमुळे तू गेली नव्हतीस. माझी तब्येत बिघडली म्हणून गेलीस. पाटी लावल्यानं काही होत नाही. पाटी फक्त सांगते."

"बाबाचा मित्र पाटी काढल्यामुळे पडला."

ताईंनी खोकल्यासारखं करून तोंड फिरवलं. त्यांनी खुर्चीवरची पिशवी उचलली, ससा आधीच बाहेर होता, फ्रॉक काढून माझ्या मांडीवर ठेवले. "घड्या तूच घातल्यास, तूच कपाटात ठेव. मी निघते. उद्या डॉक्टरबाईंकडे दोघं जा, मुंगीला शाळेतून मी आणीन." दारात थांबून त्यांनी बोटानं भावाकडे दाखवलं. "आणि तू! कुलूप गाडीत ठेवत जाऊ नकोस." त्या भराभर जिना उतरून गेल्या.

मग आम्ही तिघं हुकांपाशी उभे राहिलो. नवऱ्यानं मुंगीला कडेवर घेतलं. त्यानं आपली लाल पुढे केली. खट्. मुंगीनं श्वास आत ओढला आणि माझ्याकडे बघितलं. मी आहे तिथंच उभी होते. झोपायला गेले नाही, रडले नाही, म्हणजे मोठ्यानं तरी नाही. तिनं हात लांब केला आणि आपली पाटी बदलली. पिवळी. खट्.

"शाबास," तो म्हणाला. "ज्यानं लावली त्यानंच काढायची."

"बाबाची बाबा लावतो," मुंगी म्हणाली.

"हो."

"माझी मी लावते."

"हो."

ती माझ्या हुकाकडे बघत होती. सकाळपासूनची हिरवी. मग तिची नजर खालच्या फळीवर गेली, गोळ्यांच्या डब्यावर, आणि तिथून परत वर.

"आई, तुझी हिरवी तू लावतेस, का गोळी लावते?"